सुभेदाराचे बिऱ्हाड

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूर येथून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पत्र गेल्या महिन्यात आले. पत्र चार पृष्ठांचे असून अक्षर जुन्या वळणाचे आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे व ती आम्ही पाळीत आहोत. वालूर हे नाव काही वाचकांस तेथील बारवेमुळे ठाऊक असेल. पायऱ्या गोल फिरत फिरत थेट पाण्यापर्यंत उतरतात, अशा घडणीची ती बारव वर्षानुवर्षे गाळाने बुजली होती; अलीकडे गावकऱ्यांनीच अंगमेहनतीने ती मोकळी केली आणि आता ती पाहावयास दूरदूरची माणसे येतात. परंतु पत्राचा विषय बारव नव्हे, घर हा आहे.

पत्रकर्त्यांच्या थोरल्या बंधूंचा मुलगा सैन्यात हवालदार असून चोवीस वर्षांची नोकरी पुरी करून तो लवकरच घरी येणार आहे. घर म्हणजे वालूरचा वाडा. पुढे ढाळज, आत चौक, ओसरी, माजघर आणि वर एक माडी. तीन भावांची बिऱ्हाडे त्यात एकत्र नांदतात. माळवद खचू लागले तेव्हा ते उतरवून पत्रे घालण्याचा खर्च ह्याच मुलाने सीमेवरून पाठविला होता. आता तो येणार म्हटल्यावर प्रश्न उभा राहिला आहे, की त्याने राहावे कोठे? माडीवरच्या खोलीत धान्याच्या कोठ्या आहेत. मागची खोली धाकट्या भावाच्या सुनेकडे आहे. कोणी म्हणतो, त्याने परभणीस सदनिका घ्यावी. कोणी म्हणतो, मुलांच्या शिक्षणासाठी पुणेच बरे. सगळ्यांचे बोलणे त्याच्या हिताचे आणि सगळ्यांचा रोख त्याला वाड्याबाहेर ठेवण्याकडे. घरातल्या वृद्ध वहिनींनी मात्र एकच वाक्य उच्चारले, ते काकांनी जसेच्या तसे उतरून पाठविले आहे : “तो आला की पहिल्या रात्री निजेल कोठे, तेवढे आधी ठरवा.”

पत्राच्या शेवटी, जागा उरली म्हणून लिहावा तसा, एक ताजा कलम आहे. वाड्यामागच्या परसात आडाच्या पलीकडे दीडएक गुंठा जागा मोकळी पडली आहे. गावातील बौद्ध वस्तीतले एक निवृत्त नायब सुभेदार ती विकत मागतात. वस्तीतले त्यांचे घर भावांच्या वाटणीत गेले, म्हणून सध्या ते सेलूस भाड्याच्या खोलीत राहतात. किंमत रास्त देऊ करतात. घरातील तरुण मंडळी म्हणतात, द्यावी. वडील मंडळींचे मन होत नाही. “ह्याविषयीही आपले मत कळवावे,” एवढेच लिहून काकांनी सही केली आहे.

चार पृष्ठे पुतण्याविषयी आणि चार ओळी शेजाऱ्याविषयी. आम्हांस हा ताजा कलमच पत्राचा गाभा वाटला.

पुतण्याचा प्रश्न आधी घेऊ. शिपायाचे घर ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. नोकरीत असेतो त्याला बराक मिळते, पुढे कुटुंबासाठी क्वार्टर मिळते. दर दोनतीन वर्षांनी सामानाच्या काळ्या पेट्या भरावयाच्या आणि दुसऱ्या छावणीत उघडावयाच्या. ती जागा सरकारची. ज्या दिवशी पेन्शनीचे कागद हातात पडतात, त्या दिवसापासून ठराविक मुदतीत ती सोडावी लागते. इतर चाकरमान्याला निवृत्तीच्या दिवशी नोकरी नसते. शिपायाला त्या दिवशी नोकरीही नसते आणि छप्परही नसते. शिवाय शिपाई निवृत्त होतो तो साठीत नव्हे, चाळिशीच्या आसपास. मुले शाळेत, आईबाप थकलेले, आणि गावातले लोक त्याला विसरलेले किंवा केवळ सुटीचा पाहुणा म्हणून ओळखणारे.

ही अडचण आजची नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने जायबंदी व म्हाताऱ्या शिपायांसाठी पॅरिस येथे १६७० साली प्रचंड आश्रयस्थान उभारावयास काढले, त्याचे एक कारण असे की लढाईवरून परतलेले बेघर शिपाई राजधानीच्या रस्त्यांत भीक मागत हिंडत असत. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ साली चेल्सी येथे तसेच केले. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात वीरांना शोभतील अशी घरे देण्याची घोषणा झाली, १९१९ साली त्यासाठी कायदाही झाला, आणि पैशाची चणचण भासताच दोन वर्षांत ते काम आखडते घेण्यात आले. विजयाच्या मिरवणुकीला पैसा नेहमीच सापडतो, विटांना सापडत नाही.

आपल्याकडे शास्त्रकारांनी ह्या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वी पाहिली होती. एकत्र कुटुंबातील पुरुषाने स्वतःच्या पराक्रमाने मिळविलेले धन, म्हणजे शौर्यधन, हे विद्याधनाप्रमाणेच त्याचे स्वतःचे. वडिलोपार्जित द्रव्याचा आधार घेतला नसेल तर भाऊबंदांनी त्यात वाटा मागू नये, असा निर्णय स्मृतींतून दिला आहे. रोमन कायद्यातही मुलगा बापाच्या सत्तेखाली असला तरी सैन्यात मिळविलेला पैसा त्याचाच, असा नियम होता. पुढे १९३० साली आपल्याकडे विद्याधनाविषयीचा कायदा होऊन नोकरीच्या कमाईबद्दलचा वाद पुष्कळसा मिटला. परंतु ह्या सर्व नियमांनी पैसा राखला, जागा राखली नाही. वालूरच्या मुलाने पत्र्यांसाठी पैसे पाठविले ते शौर्यधनच. पण त्याने ते समाईक घरात घातले, आणि समाईकात घातलेल्या पैशाचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. तेव्हा त्याने तो मागण्याची वेळ येऊ न देणे हेच वडील मंडळींचे काम. माडीवरच्या कोठ्या खाली आणाव्या. तो पुढे परभणीस जागा घेवो की पुण्यास, तो निर्णय त्याने माडीवर बसून घ्यावा, स्टेशनावर उतरण्यापूर्वी घरच्यांनी घेऊ नये.

असो. आता ताजा कलम. त्याला उत्तर देण्यापूर्वी एका दुसऱ्या पेन्शनर सुभेदाराची हकीगत सांगावीशी वाटते. त्यांच्या मुलाचे नाव प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. वडिलांच्या बिऱ्हाडांचा हिशेब मात्र आपल्या घरांतून फारसा कोणी मांडलेला दिसत नाही.

रामजी मालोजी सकपाळ हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे. वडील मालोजी फौजेत होते, रामजीही फौजेत गेले. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांची परंपरा जुनी होती; १८१८ सालच्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. रामजी लष्करी शाळेत शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले आणि सुभेदार मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या पोटी भीमराव जन्मले. इंग्रजी येणारा, कबीरपंथी, निर्व्यसनी, मुलांच्या अभ्यासाविषयी अत्यंत दक्ष असा हा गृहस्थ १८९४ च्या सुमारास महिना पन्नास रुपयांच्या पेन्शनीवर निवृत्त झाला. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे खेड्यात सुखवस्तू म्हणविण्याजोगी रक्कम होती.

तरीही ते आंबडव्यास राहावयास गेले नाहीत. का गेले नाहीत, ह्याविषयी आमचा तर्क असा, की छावणीत ज्याला शिपाई सलाम करीत त्याने गावकुसाबाहेरच्या घरी परतून पुन्हा महारकीची कामे अंगावर घ्यावी, हे शक्यच नव्हते. घर होते, परंतु त्या घराबरोबर जी पायरी मिळत होती ती स्वीकारण्याजोगी नव्हती. म्हणून त्यांनी दापोलीस बिऱ्हाड केले. दापोलीस कंपनी सरकारच्या काळात छावणी होती आणि पुढेही निवृत्त सैनिकांची वस्ती तेथे टिकून होती. गोपाळबुवा वलंगकर हे असेच एक निवृत्त सैनिक १८८६ पासून तेथे राहून अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत व बोलत होते. त्याच सुमारास सरकारने लढाऊ जातींची नवी व्याख्या काढून महारांची फौजभरती बंद केली. १८९४ साली वलंगकरांनी तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला, पण उपयोग झाला नाही. म्हणजे ज्या बराकीत रामजींचे वडील राहिले आणि स्वतः रामजी राहिले, तिचे दार त्यांच्या मुलांना बंद झाले. पुढे पहिल्या महायुद्धात निकड पडली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभारली गेली आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट १९४१ सालची.

दापोलीस कायम राहावे असा रामजींचा बेत होता. तो त्यांना बदलावा लागला. तेथील नगरपालिकेच्या शाळेत ह्या मुलांना प्रवेश नव्हता, आणि मुलांच्या शाळेवाचून ज्याला दुसरे व्यसन नव्हते असा हा बाप तेथे रमणार कसा? ते साताऱ्यास आले. १८९६ साली तेथेच त्यांच्या पत्नी भीमाबाई वारल्या. पाच मुले हयात होती. त्यांना सांभाळावयास अपंग आत्या आली. रामजींनी खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर नोकरी धरली आणि बिऱ्हाडाचे दोन भाग झाले, बाप कामावर व मुले साताऱ्यास. न्हावी ह्या मुलांचे केस कापीत नसे, म्हणून बहीण ते काम करी. १९०१ सालच्या सुटीत मुले वडिलांना भेटावयास निघाली. मसूर स्टेशनावर उतरली तेव्हा न्यावयास कोणी नव्हते, कारण पत्र पोहोचते करावयाचे नोकर विसरला होता. जात कळताच एकही गाडीवान बसवून घेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकाने बैल दिले ते अशा अटीवर, की मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. जवळ खाणे होते, पण वाटेत पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशीच निजली. बाप सरकारी नोकर, सुभेदार मेजर, पेन्शनर. हे सारे त्या रस्त्यावर घोटभर पाण्याच्या मोलाचे ठरले नाही. आंबेडकरांनी पुढे ही हकीगत स्वतः लिहिली आहे.

१९०४ साली हे कुटुंब मुंबईस आले आणि परळला डबक चाळीत एका खोलीत राहिले. स्वयंपाक, निजणे, सामान, सरपण आणि अभ्यास सगळे त्याच खोलीत. जागा इतकी अपुरी, की रामजी मुलाला संध्याकाळी लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासास उठवीत आणि त्याच्या जागी आपण पाठ टेकीत. एका अंथरुणावर बापलेकांनी पाळी लावावी, अशी ही गृहव्यवस्था होती. पुस्तक हवे झाले आणि पैसे नसले तर लेकीकडून दागिना उसना घेऊन तो गहाण टाकीत, पेन्शन आली की सोडवून परत देत. पन्नास रुपयांची पेन्शन मुंबईत अशी वितळत होती. भीमरावांचे लग्न लागले तेही भायखळ्याच्या बाजारात, रात्री विक्रेते घरी गेल्यावर मोकळ्या झालेल्या छपराखाली.

मुंबईत १८९६ साली प्लेग झाला आणि त्यानंतर १८९८ साली शहरसुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने बांधलेल्या परळच्या चाळीत १९१२ च्या सुमारास ह्या कुटुंबाला दुसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या. क्रमांक ५० आणि ५१. एकीत संसार, दुसरीत अभ्यास. रामजींच्या निवृत्तीनंतर अठरा वर्षांनी मुलाच्या अभ्यासाला स्वतंत्र दार लाभले. ते सुख त्यांना फार दिवस पाहावयास मिळाले नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते वारले.

ह्यापुढची गोष्ट पुष्कळांनी वाचलेली असते, तथापि आमच्या विषयापुरती सांगणे प्राप्त आहे. कोलंबिया विद्यापीठात व लंडनला शिकून भीमराव १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. ज्या संस्थानाने शिष्यवृत्ती दिली त्याच्या राजधानीत त्यांना खोली मिळेना. हिंदू खाणावळीत शिरण्याची सोय नव्हती, म्हणून एका पारशी वसतिगृहात ते राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले डझनभर पारशी दाराशी येऊन उभे राहिले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम झाला. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, त्यांतला एक हिंदू आणि दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी तेथल्या सार्वजनिक बागेत बसून काढले. सुभेदाराचा मुलगा, दोन खंडांत शिकून आलेला, पगारी अधिकारी, आणि त्याला बसावयास जागा बागेतली! आमच्या मते पैशाच्या अभावी बेघर होणे आणि शेजारी होऊ न दिल्यामुळे बेघर होणे हे दोन निराळे रोग आहेत, आणि पेन्शन फक्त पहिल्यावर चालते.

त्यानंतरही परळच्या त्या दोन खोल्याच त्यांचे घर राहिल्या. महाडचा सत्याग्रह, लंडनच्या गोलमेज परिषदा, सारे त्या चाळीतून झाले. १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी स्वतःचे घर बांधावयास घेतले. घर मुख्यतः पुस्तकांसाठी योजिलेले होते. मगधाच्या जुन्या राजधानीवरून त्यांनी त्याला ‘राजगृह’ हे नाव दिले आणि १९३४ साली कुटुंब तेथे राहावयास गेले. रामजींच्या निवृत्तीपासून मोजले तर चाळीस वर्षे झाली. महू, दापोली, सातारा, डबक चाळ, ट्रस्टची चाळ अशी बिऱ्हाडे करीत करीत त्या पेन्शनर सुभेदाराचे घर अखेर उभे राहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. चाळीत अर्धे आयुष्य काढलेल्या रमाबाईंना ते जेमतेम वर्षभर लाभले. २७ मे १९३५ रोजी त्या राजगृहातच वारल्या.

वालूरचे काका म्हणतील, हा जुना काळ झाला. झाला खरा. निजामी राज्य १९४८ साली गेले, घटना आली, अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरला. पण ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना १९७८ साल आठवत असेल. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरे जाळली गेली. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नव्हता. तेव्हा ‘मन होत नाही’ ह्या तीन शब्दांची नीट चौकशी करावयास हवी. जागा पडीक आहे. किंमत रास्त आहे. घेणारा शिस्तीचा, पेन्शनर, नियमाने वागणारा माणूस आहे. वाड्यातला पुतण्या ज्या फौजेत होता त्याच फौजेत तोही होता. कोणी सांगावे, एखाद्या बर्फाळ ठाण्यावर दोघांनी एका डेऱ्यात रात्री काढल्या असतील. पुतण्याला माडीवर जागा नाही ही गैरसोय आहे आणि ती आठ दिवसांत दूर होईल. ह्या दुसऱ्या सैनिकाला मिळालेला नकार त्या प्रकारचा नाही, आणि दोन्ही एका तागडीत घालण्याची चूक आम्ही करणार नाही. मन का होत नाही, ते वडील मंडळींनी मुलांसमोर मोठ्याने बोलून दाखवावे. बोलता आले तर त्याचा विचार करता येईल. बोलावयास संकोच वाटला तर तो संकोचच उत्तर समजावे.

आम्ही काकांस त्याच दिवशी उत्तर लिहिले. पुतण्यासाठी माडी मोकळी करावी, हे वर आलेच आहे. त्याने परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे. आणि महाराष्ट्र सरकारने २०२० साली माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा ह्यांना एका घराच्या मालमत्ता करात सूट देण्याची जी योजना काढली आहे, तिची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. पुढे स्वतःची जागा घ्यावयाची झाल्यास सैन्याची स्वतःची गृहसंस्थाही १९७८ पासून काम करीत आहे.

परसाची जागा द्यावी, असेही स्पष्ट लिहिले. जागा समाईक असल्याने सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या लागतील. त्यांत लेकींच्याही आल्या, कारण २००५ पासून त्यांचा हक्क मुलांसारखाच आहे. तेव्हा जालन्याच्या व नांदेडच्या दोन्ही आत्यांना आधीच कळवावे. व्यवहारापूर्वी मोजणी करून घ्यावी आणि तोवर कोणीही कुंपण घालू नये. काकांनी काढून पाठविलेल्या कच्च्या नकाशावरून आड नेमका हद्दीवर येतो असे दिसते. म्हणून आडाच्या पाण्यावर दोन्ही घरांचा सारखा हक्क राहील, हे वाक्य खरेदीखतात न विसरता घालावे.